ग्राहकाचं काम आधी, आपली ओळख नंतर: वेबसाइटच्या मजकुराबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यातल्या छोट्या धंद्यांसाठी आम्ही वेबसाइटचा मजकूर लिहितो. होमस्टे, रेंट अ बाईक, काजू-फेणीची दुकानं, घरगुती फराळ, दवाखाने, कधीमधी एखादं देवस्थान. पहिल्या भेटीत जे विचारलं जातं ते इथे एकत्र ठेवलं आहे. वरपासून खालपर्यंत वाचायची गरज नाही, आपला प्रश्न शोधा आणि तेवढंच वाचा.

ग्राहकाच्या कामाभोवती मजकूर म्हणजे नेमकं काय?

वेबसाइटवर येणाऱ्या माणसाचं काहीतरी अडलेलं असतं. शनिवारी मोपा विमानतळावर उतरायचं आहे आणि स्कूटर हवी आहे. सासूबाईंना कुलदेवतेच्या दर्शनाला न्यायचं आहे, पण त्यांचे गुडघे दुखतात. वडिलोपार्जित जमिनीचा एक-चौदाचा उतारा (गोव्यातला सात-बारा) काढायचा आहे आणि सुरुवात कुठून करायची ते कळत नाही. अशी कामं आधी शोधायची, त्यातली मोठी कोणती ते ठरवायचं आणि प्रत्येक पान एकेका कामासाठी लिहायचं.

याच्या उलट पद्धत सर्वांच्या परिचयाची आहे: आमच्याबद्दल, आमच्या सेवा, गॅलरी, संपर्क. ही मालकाच्या डोक्यातली मांडणी. ग्राहक त्यात आपलं काम शोधत बसतो आणि नाही सापडलं की फोन करतो. किंवा तोही करत नाही, पुढच्या साइटवर जातो.

कल्पना आमची नाही. ब्रिटिश सरकारने १७ ऑक्टोबर २०१२ रोजी डायरेक्टगव्ह आणि बिझनेस लिंक या दोन साइट्सच्या जागी गव्ह डॉट यूके सुरू केली, ती याच तत्त्वावर. गाडीचा कर कोणत्या खात्याकडे भरायचा हे नागरिकाला ठाऊक असायची गरज नाही. त्याला कर भरायचा आहे, तर तो भरता आला पाहिजे.

आमची साइट पाच पानांची. आम्हाला एवढा खटाटोप कशाला?

पाच पानांची आहे म्हणूनच. मोठ्या कंपनीच्या साइटवर शंभर निरुपयोगी पानं खपून जातात. तुमच्याकडे फोन उचलणारा, गाडी देणारा आणि डिपॉझिट परत करणारा माणूस एकच असतो. ज्याचं उत्तर साइटवर मिळायला हवं होतं असा प्रत्येक फोन त्याच्याच डोक्यावर बसतो.

ग्राहकाला काय हवंय ते कळणार कसं? सर्व्हे करायचा का?

सर्व्हे नको, निदान सुरुवातीला नको. "वेबसाइटवर काय असावं" असं विचारलं की लोक भिडेखातर काहीतरी सांगतात. त्यापेक्षा चांगलं साहित्य तुमच्या फोनमध्ये पडून आहे.

गेल्या सीझनमधले व्हॉट्सॲप उघडा. अनोळखी नंबरवरून आलेला फक्त पहिला मेसेज वहीत उतरवा, अगदी शब्दाला शब्द. सुधारू नका. कुणी "गाडी जाताना मोपाला सोडली तर चालेल काय" असं लिहिलं असेल तर वहीत "विमानतळ ड्रॉप सुविधा" असं लिहू नका. मूळ वाक्यात माणूस दिसतो: परतीच्या दिवशी त्याला टॅक्सीचे पैसे वाचवायचे आहेत. "ड्रॉप सुविधा"मध्ये काहीच दिसत नाही.

मग शेजारी दुसरा रकाना आखा: हे विचारून त्याला करायचं काय होतं? खरी मेहनत या रकान्यात आहे. "पार्किंग आहे का?" हा प्रश्न दोघांनी विचारला असेल, एकाकडे स्वतःची छोटी गाडी आहे, दुसरा कोल्हापुराहून टेम्पो ट्रॅव्हलर भरून माणसं घेऊन येतोय. प्रश्न एकच, पण एकाला "आहे" एवढं उत्तर पुरतं आणि दुसऱ्याला गेटची रुंदी लागते.

त्यानंतर काउंटरवरच्या माणसाशी बोला. तिथे बसणाऱ्या मुलीला मालकापेक्षा जास्त ठाऊक असतं, हे मालकांना ऐकायला आवडत नाही. तिच्याशी बोलताना मालक खोलीत नसलेले बरे.

गुगल सर्च कन्सोल फुकट आहे. कोणते शब्द शोधल्यावर तुमची साइट दिसली आणि किती जण आत आले, हे त्यात १६ महिन्यांपर्यंतचं पाहता येतं. म्हणजे पावसाळा, चवथ (गणेश चतुर्थी), डिसेंबर असं अख्खं वर्ष नजरेखालून जातं. एखाद्या शोधात तुम्ही सारखे दिसता पण कुणी क्लिक करत नाही, तर ते काम तुमच्याकडे होतं हे लोकांना कळत नाहीये. मात्र अगदी मोजक्या लोकांनी केलेले शोध गोपनीयतेसाठी त्यात दाखवले जात नाहीत, त्यामुळे लहान साइटला चित्र अर्धवटच मिळतं. म्हणून वही आधी.

आणखी दोन जागा आहेत. शेजाऱ्याच्या धंद्याचे तीन स्टारवाले रिव्ह्यू, कारण पाच स्टारवाले स्तुती करतात, एक स्टारवाले भांडतात आणि तीनवाले नेमकं काय अडलं ते सांगतात. दुसरी जागा म्हणजे "बरं, कळवतो" म्हणून गायब झालेले लोक. त्यांनी विचारलेला शेवटचा प्रश्न काय होता ते बघा.

एखादं उदाहरण सविस्तर सांगाल?

समजा दिवाडी बेटावर चार खोल्यांचं होमस्टे आहे. साइटवर सध्या असं लिहिलं आहे: "मांडवीच्या कुशीत वसलेले आमचे होमस्टे शहरी धकाधकीपासून दूर घरगुती आपुलकीचा अनुभव देते." खोटं काहीच नाही. पण पुण्याच्या कुटुंबाने हे वाचून करायचं काय?

वहीत उतरवलेले मेसेज साधारण असे निघतील. "रात्री साडेनऊला मोपाला उतरतो, फेरीबोट असेल ना?" "आमची इनोव्हा बोटीत चढते का?" "पावसात बोट बंद पडली तर?" "रात्रीचं जेवण तुमच्याकडेच का?" "आई ७२ वर्षांची आहे, जिना आहे का?"

पहिले तीन प्रश्न उघडच नदी ओलांडण्याचे. चौथाही तसाच आहे: रात्री जेवायला पणजीला गेलो तर परत येता येईल का, ही त्यामागची काळजी. म्हणजे या धंद्याचं सर्वांत महत्त्वाचं पान खोल्यांचं नाही, गॅलरीचं तर नाहीच. ते आहे "दिवाडीला कसं पोहोचायचं" हे पान. जुने गोवे, रायबंदर आणि नार्वे अशा तीन ठिकाणांहून फेरीबोट येते. करमळी स्टेशनवर उतरणाऱ्याला जुने गोवे जवळ, पणजीहून येणाऱ्याला रायबंदर, डिचोलीकडून येणाऱ्याला नार्वे. नकाशात "सर्वांत जवळचा रस्ता" बघणाऱ्या पाहुण्याला हे आपोआप उमगत नाही.

त्या पानाची सुरुवात आम्ही अशी करू:

"आमच्याकडे फेरीबोटीने यावं लागतं. चारचाकी बोटीत चढते. शेवटच्या बोटीच्या वेळा खाली दिल्या आहेत. बदलल्या की आम्ही त्याच दिवशी इथे बदलतो. तुमचं विमान रात्री उशिरा उतरत असेल तर बुकिंगआधी फोन करा. पहिली रात्र पणजीत काढून सकाळी येणं सोयीचं पडेल."

शेवटच्या वाक्याला मालक हरकत घेतात, एका रात्रीचं भाडं गेलं म्हणून. गेलंच. पण मध्यरात्री धक्क्यावर मुलंबाळं आणि बॅगा घेऊन उभं राहिलेलं कुटुंब जो रिव्ह्यू लिहील, त्याने किती रात्री जातील याचा हिशेब करा.

आईच्या जिन्याचं उत्तर खोल्यांच्या पानावर जातं: तळमजल्यावर कोणती खोली, पायऱ्या किती, बाथरूमचा उंबरठा किती उंच, कमोड आहे की नाही. "आपुलकी" वगैरे वेगळं लिहावं लागत नाही, एवढी माहिती देणाऱ्याकडे ती असणार हे वाचणारा ओळखतो.

वहीत पन्नास कामं निघाली. प्रत्येकाचं पान करायचं?

नाही. तीन चाळण्या लावा. किती जण विचारतात? उत्तर न मिळाल्यास व्यवहार अडतो का? आणि ते उत्तर पानावर देण्यासारखं आहे का? तिन्हींतून पार पडलेली पाच-सहा कामं ही तुमची साइट. बाकीची त्याच पानांवर एखाद्या ओळीत बसतात.

काही कामं साइटवर येतच नाहीत. आज उघडं आहे का, पत्ता काय, फोन नंबर काय, हे लोक गुगलच्या नकाशावरच बघून मोकळे होतात. तिथली वेळ चुकीची असेल तर सुंदर साइटचा उपयोग शून्य. चवथीला दुकान पाच दिवस बंद ठेवणार असाल तर ते आधी नकाशावर टाका.

मग "आमच्याबद्दल" आणि आमची परंपरा काढून टाकायची?

काढू नका, जागेवर ठेवा. फेणीच्या दुकानाची साइट घ्या. पहिल्या पडद्यावर काजूच्या बोंडांचा फोटो, आजोबांची भट्टी, २००९ साली फेणीला मिळालेलं जीआय (भौगोलिक) मानांकन. सगळं अभिमानाचं. पण ग्राहकाचं अडलंय वेगळंच: बाटली घरी न्यायची कशी? विमानात हातातल्या बॅगेत चालत नाही. चेक-इन सामानात २४ ते ७० टक्के अल्कोहोल असलेली दारू माणशी ५ लिटरपर्यंत चालते, तीही मूळ सीलबंद बाटलीत. रस्त्याने महाराष्ट्रात न्यायची तर परवान्याचं बघावं लागतं. हे लिहिणारं दुकान बाटली विकतं, आणि मग ग्राहक आजोबांची भट्टीही वाचतो.

इतिहास हेच ग्राहकाचं काम असतं अशाही जागा आहेत, आणि त्यासाठी देवस्थानाचं उदाहरण द्यायला हवं. मुंबई, पुणे, कारवारहून कुलदैवताला येणाऱ्या कुटुंबांना आधी व्यवहाराचं हवं असतं: अग्रशाळेत (देवळाच्या धर्मशाळेत) खोली मिळेल का, अभिषेकासाठी आधी कुणाला कळवायचं, कौल लावायचा तर कधी यायचं, कपड्यांचे नियम काय, महाप्रसाद कधी असतो. समित्यांच्या साइटवर हे क्वचित सापडतं आणि सापडलं तर जुन्या सूचनेच्या पीडीएफमध्ये. पण याच कुटुंबांतलं कुणीतरी "आमचं मूळ गाव कोणतं" हेही शोधत असतं. पोर्तुगीज काळात मंगेश कुशस्थळीहून, म्हणजे आजच्या कुठ्ठाळीहून, प्रियोळला आले. शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला आली. ज्याच्या घरात ही माहिती दोन पिढ्यांपूर्वी हरवली, त्याच्यासाठी तो इतिहास सजावट नव्हे. त्याला स्वतंत्र पान द्या, नीट लिहा. फक्त अग्रशाळेचा फोन नंबर त्याच्याखाली दडपू नका.

होमपेजवर काय असावं?

चार-पाच मोठी कामं आणि त्यांची दारं. "आमच्या संकेतस्थळावर आपले सहर्ष स्वागत आहे" हे वाक्य काढा. लग्नाच्या हॉलच्या कमानीवर ते शोभतं. फिरत्या बॅनरचं तेच.

दर लिहायचे का? स्पर्धक बघतील.

स्पर्धक तसेही फोन करून विचारतात. लिहा. सीझनप्रमाणे बदलतात तर बदलत्या स्वरूपात लिहा: पावसाळ्यात इतके, ऑक्टोबरपासून इतके, नाताळ ते नवीन वर्ष या दिवसांत इतके आणि किमान इतक्या रात्री. "दरासाठी संपर्क साधा" याचा अर्थ ग्राहक "तोंड बघून दर सांगणार" असा घेतो. गोव्यात तर हमखास.

"विश्वासार्ह सेवा" हे लिहिलं नाही तर लोक विश्वास कसा ठेवतील?

लिहून कुणी ठेवलाय? फसवणूक होणार नाही याची खात्री करणं हेही ग्राहकाचं एक कामच आहे, आणि ते त्याला स्वतः करू द्यावं लागतं.

रेंट अ बाईकचं बघा. पर्यटकाला धास्ती पोलिसांची असते. भाड्याने देण्याचा परवाना असलेल्या गाडीला काळी नंबरप्लेट आणि तिच्यावर पिवळे आकडे असतात. पांढऱ्या प्लेटची खाजगी गाडी भाड्याने देणं बेकायदा आहे. तुमच्या गाडीच्या प्लेटचा एक स्पष्ट फोटो टाका आणि खाली हे दोन ओळींत लिहा. त्याखाली: लायसन्स डिजिलॉकरमधलं चालतं, ओळखपत्र कोणतं लागेल, डिपॉझिट किती आणि कोणत्या मार्गाने परत मिळेल, गाडीवर आधीचे ओरखडे असतील तर व्हिडिओ कोण काढतो. शेवटचा मुद्दा लिहिणारे फार थोडे. आमच्या मते तोच सर्वांत जास्त धंदा देतो, कारण गाडी परत करताना ओरखड्यावरून वाद होण्याची भीती प्रत्येकाच्या मनात असते.

होमस्टे आणि हॉटेलांनी पर्यटन खात्याकडच्या नोंदणीचा क्रमांक द्यावा. नोंदणी १९८२ च्या कायद्यानुसार करावीच लागते, मग दाखवायला संकोच कसला?

साइट मराठीत ठेवायची, कोंकणीत की इंग्रजीत?

काम कुणाचं आहे त्यावर ठरवा, अभिमानावर नको. कुलदैवताला येणारी कुटुंबं, फोंडा-डिचोली-साखळीतले ग्राहक, सावंतवाडी आणि बेळगावचे पाहुणे मराठी पान आनंदाने वाचतात. दिल्ली-बंगळुरूच्या पर्यटकाला इंग्रजी लागतं. दोन्ही हवं असेल तर पाच कामांपैकी कोणतं कुणाचं ते बघून तेवढीच पानं त्या भाषेत करा. संपूर्ण साइट तीन भाषांत केली आणि मे येईपर्यंत त्यातल्या दोन भाषांतली पानं जुनी झाली, असं सर्रास दिसतं.

एक व्यवहाराची गोष्ट: बरेच लोक मराठी रोमन लिपीत टाइप करतात. म्हणून गावाचं आणि पदार्थाचं नाव फोटोच्या वर्णनात किंवा पत्त्यात रोमनमध्येही एकदा येऊ द्या. सगळा मजकूर त्या लिपीत करायची गरज नाही, वाचायला तो भयंकर लागतो.

सीझनप्रमाणे मजकूर बदलावा का?

गोव्यात बदलावाच लागतो, कारण माणसाचं काम ऋतूप्रमाणे बदलतं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. त्या काळात येणाऱ्याला "ताजे मासे" या मेन्यूमध्ये नेमकं काय मिळेल ते सांगा. दूधसागरला कुळेहून जाणाऱ्या जीप पावसाळ्यात बंद असतात. तेव्हा तुमच्या पॅकेजच्या पानावर जीपचा फोटो झळकत असेल तर कॅन्सलेशन आलंच. हुर्राक (काजूची हलकी दारू) उन्हाळ्यातली, काजूच्या हंगामातली. डिसेंबरमध्ये ती मागणाऱ्याला पुढच्या हंगामाबद्दल सांगा.

घरगुती फराळवाल्यांचं वर्ष तर चवथीवर चालतं. नेवऱ्या, लाडू, चकल्या यांचे फोटो सगळेच टाकतात. ग्राहक बघतो ते वेगळं: ऑर्डर कधीपर्यंत देता येईल, म्हापशाला पोहोचवाल का, रेल्वेने मुंबईला नेल्या तर किती दिवस टिकतील. ऑर्डरची शेवटची तारीख पानाच्या अगदी माथ्यावर ठेवा आणि ती उलटली की लगेच "ऑर्डर बंद" लिहा. चवथीच्या आदल्या रात्री नकार देत बसण्यापेक्षा ते सोपं.

एसइओवाला (साइट गुगलच्या निकालात वर आणून देणारा) म्हणतो, आठवड्याला दोन ब्लॉग टाका. "गोव्यातले दहा सुंदर किनारे" वगैरे.

२००२ साली संगणकशास्त्रज्ञ आंद्रेई ब्रोडर यांनी इंटरनेटवरच्या शोधांची तीन प्रकारांत विभागणी केली: ठरावीक साइटवर पोहोचण्यासाठी केलेले, माहितीसाठी केलेले आणि काही व्यवहार उरकण्यासाठी केलेले. दहा किनाऱ्यांचा लेख दुसऱ्या प्रकारात येतो आणि तिथे तुमची गाठ मोठमोठ्या ट्रॅव्हल साइट्सशी आहे. समजा जिंकलातही, तरी वाचणाऱ्याला किनाऱ्यांची यादी हवी होती, तुमची स्कूटर नव्हे. तेच दोन तास "थिवी स्टेशनवर स्कूटर मिळेल का" या पानाला द्या. शोधणारे थोडे असतील, पण त्यांचं गाडीवाचून खरंच अडलेलं असेल.

साइटवर प्रश्नोत्तरांचं पान हवं का?

हे विचारायला तुम्ही प्रश्नोत्तरांच्याच पानावर आलात, त्यामुळे आमची पंचाईत आहे. तरी खरं ते सांगतो: बहुतेकदा नको. गव्ह डॉट यूकेच्या लेखनाच्या नियमांतही असं पान टाळा असंच सांगितलं आहे. बुकिंगबद्दलचं उत्तर बुकिंगच्या पानावर असावं. वेगळ्या पोत्यात भरून ठेवलं की ज्याला हवं त्याला ऐन वेळी सापडत नाही. पूर्वी गुगलच्या निकालात प्रश्नोत्तरं उलगडून दिसायची, त्या मोहाने अनेकांनी अशी पानं केली. ऑगस्ट २०२३ मध्ये गुगलने ती सोय नामांकित सरकारी आणि आरोग्यविषयक साइट्सपुरती मर्यादित केली.

आमच्या या पानावर येणारा माणूस लेखनाचं काम कुणाला द्यायचं की नाही हे ठरवत असतो आणि त्याच्या शंका एकमेकींशी फारशा जोडलेल्या नसतात. अशा वेळी हा प्रकार चालून जातो.

मजकूर एआयकडून लिहून घेतला तर?

घ्या, पण वही त्याच्याकडे नाही. वही न देता लिहून घेतलंत तर "मांडवीच्या कुशीत" परत येईल.

उपयोग झाला की नाही, कसं कळणार?

भेटी किती वाढल्या यावर जाऊ नका. एखाद्या कामाचं पान केल्यावर तोच प्रश्न विचारणारे फोन कमी झाले का ते बघा. व्हॉट्सॲपवर पहिला मेसेज बदलतो: "बोट असते का?" याच्या जागी "शुक्रवारी दुपारच्या बोटीने येतो, तळमजल्याची खोली ठेवा" असा येऊ लागतो. पक्कं तपासायचं असेल तर साइट पूर्वी न पाहिलेल्या नात्यातल्या एखाद्या काकूंच्या हातात फोन द्या, "समजा रात्री येताय, कसं याल?" एवढंच विचारा आणि गप्प बसा. मदत करायची नाही. पडद्यावर त्यांचं बोट कुठे थबकतं ते बघायचं.

वकील, डॉक्टर यांनाही हेच लागू?

पद्धत तीच, मर्यादा जास्त. वकिलांच्या वेबसाइटवर काय असावं यावर बार कौन्सिलचे नियम आहेत: नाव, पत्ता, नोंदणी, पात्रता, कामाचं क्षेत्र एवढ्यापुरतंच. तिथे आम्ही "इन्व्हेंटरीचा (वारसांतल्या वाटणीचा) दावा कसा चालतो" असली पानं सुचवत नाही. दवाखान्याचं मात्र सोपं आहे: कोणत्या दिवशी कोण बसतं, नंबर कसा लावायचा, जुने रिपोर्ट आणायचे का.

जुनी पानं काढली तर गुगलवरून आम्ही गायब होऊ का?

नुसती पुसून टाकलीत तर त्या पानांवर येणारे लोक "पान सापडत नाही"वर आपटतील. म्हणून प्रत्येक जुन्या पत्त्यावरून त्याच कामाच्या नव्या पानाकडे कायमचं वळण लावायचं; तांत्रिक भाषेत ३०१ रिडायरेक्ट. सगळी जुनी पानं होमपेजकडे वळवू नका, गुगल अशी वळणं अनेकदा पान नसल्यासारखीच धरतं. वळणांची यादी डेव्हलपरला एका साध्या तक्त्यात द्या, डावीकडे जुना पत्ता, उजवीकडे नवा, आणि नवी साइट सुरू झाल्यावर त्यातला प्रत्येक पत्ता स्वतःच्या मोबाइलवर उघडून बघा.